अडीच हात ओटा

नगरपालिका हा काही दिवाळी अंकात लिहिण्याचा विषय नव्हे, हे मी जाणून आहे. सणासुदीला माणसाने चांदण्याविषयी लिहावे, चहाविषयी लिहावे, फार तर अभ्यंगस्नानाच्या वेळच्या थंडीविषयी लिहावे. नगरपालिकेची आठवण आपल्याला एरवीही तीनच वेळा होते : नळाला पाणी आले नाही म्हणजे, रस्त्यावरच्या खड्ड्यात पाय मुरगळला म्हणजे, आणि शेजाऱ्याने भिंत बांधताना आपली वीतभर जागा आत घेतली म्हणजे. तिच्याविषयी चार बरे शब्द बोलणारा मनुष्य एक तर निवडणुकीला उभा असावा, नाही तर तिच्या नोकरीत असावा. मी पहिल्या प्रकारचा नाही. दुसऱ्या प्रकारचा मात्र होतो. एका लहान गावच्या नगरपालिकेत मी सदतीस वर्षे कारकुनी केली आणि २०१३ साली नारळ, शाल आणि भिंतीवरचे एक घड्याळ घेऊन घरी आलो. घड्याळ अजून चालते.

माझी नात कॉलेजात जाते. मध्यंतरी तिला एक प्रश्न घालण्यात आला होता : ‘शहराच्या आर्थिक विकासासाठी नगरशासनाने काय करावे?’ तिने आपल्या वहीत औद्योगिक वसाहत, करसवलत, प्रदर्शनाचे दालन अशी भारदस्त नावे लिहून काढली होती. पण दहा मुद्दे भरेनात. तेव्हा ती म्हणाली, “आजोबा, तुम्ही तर जन्मभर नगरपालिकेत होता. उरलेले तुम्ही सांगा.” मी पुष्कळ वेळ डोके खाजवले. मला दहा मुद्दे येत नव्हते. मला एकच मुद्दा येत होता, आणि तो अडीच हात लांब होता.

माझे वडील मी सहा वर्षांचा असताना गेले. त्यानंतर आई बाजारात भाजी विकू लागली. त्या वेळचा आमच्या गावचा बाजार म्हणजे मारुतीच्या देवळापासून वेशीपर्यंतचा रस्ता. जो आधी गोणपाट अंथरील त्याची जागा, हा तिथला कायदा. आई पहाटे तीनला उठे, कंदील घेऊन देवळापाशी जाई, गोणपाट पसरून त्याच्या चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवी आणि मग मळ्याकडे भाजी आणायला निघे. ती परत येईपर्यंत दगड तिथेच असतील याची हमी मारुतीसुद्धा देत नसे. पावसाळ्यात मेथीच्या जुड्या चिखलात बसत. उन्हाळ्यात दुपारी बाराला सारे कोमेजून जाई आणि मग येईल त्या भावाने विकून टाकावे लागे. गळ्यात चामड्याची पिशवी अडकवून नगरपालिकेचा माणूस येई, भुईभाड्याची पावती फाडी आणि पुढे जाई. नगरपालिकेचा आणि आईचा संबंध तेवढाच होता.

१९६४ साली नगरपालिकेने त्या रस्त्याच्या एका बाजूला दगडी ओट्यांच्या दोन रांगा बांधल्या. वर पत्रा, एका टोकाला नळ, दुसऱ्या टोकाला खांबावर दिवा, मागून पाणी जायला गटार. प्रत्येक ओटा अडीच हात लांब आणि त्यावर तेली रंगाने घातलेला आकडा. उद्घाटनाला कोणी मंत्री आले होते असे मला आठवत नाही. आईला सतरा नंबरचा ओटा मिळाला.

हा सतरा आकडा काय करील, याची कल्पना तो रंगवणाऱ्यालाही नसेल. पहिली गोष्ट अशी झाली, की आई पहाटे पाचला उठू लागली. दुसरी अशी, की खांबावरच्या दिव्यामुळे तिचा धंदा संध्याकाळी सातपर्यंत चालू लागला. कामावरून परतणारी माणसे घरी जाताना भाजी नेऊ लागली. पण तिसरी गोष्ट सर्वांत मोठी होती. पूर्वी गावातला अडत्या तिला कांद्याचे पोते उधार देत नसे. तो वाईट मनुष्य नव्हता. तो म्हणे, “बाई, उद्या तू आली नाहीस, तर मी तुला कुठे शोधू?” ओटा मिळाल्यावर आई पुन्हा त्याच्याकडे गेली. त्याने चष्म्यावरून पाहिले आणि दिवाणजीला सांगितले, “सतरा नंबर. लिही दोन पोती.”

अर्थशास्त्रात या गोष्टीला काही तरी लांबलचक नाव असेल. मला ते त्या दोन पोत्यांत समजले. ज्याला जागा आहे त्याला पत्ता आहे, ज्याला पत्ता आहे त्याला पत आहे, आणि ज्याला पत आहे त्याला उद्याचा विचार करता येतो. नगरपालिकेने आईला एक पैसा दिला नव्हता. उलट ती दरमहा भाडे घेत होती. तिने आईला फक्त उद्याचा दिवस दिला होता. आई किरकोळीऐवजी पोत्याने माल घेऊ लागली आणि त्यात चार पैसे सुटू लागले. ते पैसे वाण्याकडे गेले, शिंप्याकडे गेले, माझ्या शाळेच्या फीला गेले. ओट्यांच्या टोकाला एक चहावाला आला, मग सुतळी-पिशव्या विकणारा आला, मग तराजूची दुरुस्ती करणारा. ही माणसे काही परगावाहून विकास करायला आलेली नव्हती. ती गावातच होती. त्यांना उभे राहायला कोरडी जागा हवी होती, एवढेच.

पुढे १९७६ साली मी त्याच नगरपालिकेत लागलो आणि माझ्या वाट्याला जकात नाका आला. गावच्या हद्दीत शिरणाऱ्या मालावर नगरपालिका जो कर घेई ती जकात, हे आता समजावून सांगावे लागते. त्या बांबूच्या आडकाठीपाशी बसून मी तेवीस वर्षे गावाची नाडी पाहिली. दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात लॉऱ्यांची रांग लागे : तेलाचे डबे, पोह्यांची पोती, कापडाच्या गाठी, फटाके, आणि स्टीलची भांडी. या भांड्यांवर माझा विशेष डोळा असे. पाऊस चांगला झाला असला, तर धनत्रयोदशीच्या आधी भांड्यांच्या दोनतीन लॉऱ्या येत; दुष्काळी साली एकही येत नसे. पेठेतल्या दुकानदाराला वर्ष कसे गेले ते पाडव्याला वही घातल्यावर कळे. मला ते आठवडाभर आधी कळलेले असे.

जकातीचे गुण गाण्याचा माझा हेतू नाही. नाक्यावर लॉऱ्या तासन् तास खोळंबत, आणि खोळंबा लवकर सुटावा म्हणून काय काय होई ते सर्वांना ठाऊक आहे. तिचा याहून मोठा दोष मला पुढे पुढे जाणवू लागला. श्रीमंताच्या घरी जाणाऱ्या फ्रीजला आम्ही अडवीत असू, तसेच विणकराच्या सुतालाही अडवीत असू आणि लोहाराच्या लोखंडालाही. गावात बसून जो काही घडवणार, त्याला गावच्या दारातच दंड! १९९९ साली नगरपालिकांची जकात गेली, २०१३ सालापर्यंत मुंबईखेरीज इतर महानगरपालिकांची गेली, आणि २०१७ साली वस्तू व सेवा कर आल्यावर मुंबईचीही गेली. गेली हे चांगले झाले. पण तिच्याबरोबर एक गोष्ट हातून निसटली. बाजार भरला तर नगरपालिकेची पेटी भरे. म्हणून बाजाराची काळजी तिला, प्रेमाने नसली, तरी पोटासाठी करावी लागे. आता भरपाईची रक्कम वरून येते. ज्याच्या घरी डबा बाहेरून येतो, त्याला चूल पेटली की नाही हे कशाला कळेल?

चूल कळेनाशी झाली म्हणजे काय होते, ते मी जकात जाण्याच्या आधीच पाहिले होते. १९८९ च्या सुमारास आमच्या नगरपालिकेला मोठे होण्याची घाई झाली. एसटी स्टँडच्या पलीकडे, गाव संपते तिथे, दोन मजली व्यापारी संकुल उभे राहिले. काचेची दारे, संगमरवरी पाटी, आत साठ गाळे. गाळ्यांची अनामत इतकी, की भाजीवाल्या बायकांनी ती ऐकूनच कपाळाला हात लावला. त्यांच्यासाठी मागच्या अंगाला एक पटांगण राखले होते. रस्ता रुंद करण्यासाठी ओटे पाडायचे ठरले. एका सकाळी सतरा आकडा असलेला दगड ट्रॉलीत पडलेला मी पाहिला.

आई तेव्हा साठीला आली होती. ती त्या पटांगणात आठ दिवस बसली. पूर्वीच्या विक्रीची चौथाईही होईना. नवव्या दिवशी ती घरीच राहिली. मी तिला म्हटले, लोकांना सवय होईल, येतील हळूहळू. ती म्हणाली, “आरं, गिऱ्हाईक काय भाजी घ्यायला घरनं निघतंय व्हय? ते निघतंय देवाला, दवाखान्याला, न्हाय तर पोराला शाळंत सोडायला. वाटंत आपून दिसतो म्हणून भाजी घेतंय. त्येची वाट हिकडनं जातच न्हाय, तर ते येईल कशाला?”

पुढे मोठमोठ्या अधिकाऱ्यांच्या सभांत मी कागद सांभाळत बसलो, नकाशे उलगडून धरले. पण बाजाराचे शास्त्र याहून नेमके कोणी सांगितलेले मला आठवत नाही. बाजार हा ओढ्यासारखा असतो. त्याला वाट पाडून देता येते, कडेने दगड लावता येतात, गाळ काढता येतो. घाट नदीला बांधावा. घाटासाठी नदी वळवू नये. दोन वर्षांत त्या संकुलाच्या खालच्या मजल्याची गोदामे झाली आणि वरचा मजला पारव्यांना मिळाला. काही बायका पुन्हा मारुतीच्या देवळापाशी येऊन बसल्या. पुन्हा जमिनीवर, पुन्हा गोणपाटावर. फरक एवढाच, की ज्या जागेची पावती नगरपालिकेने वर्षानुवर्षे फाडली, त्या जागेवर बसणे हे आता अतिक्रमण ठरले होते. आई पुन्हा बाजारात बसली नाही. तिचे गुडघे दुखत, असे ती सांगे.

रस्ता रुंद व्हायला नको होता असे मी म्हणत नाही. आजाऱ्याला घेऊन जाणारी गाडी भाजीच्या पाट्यांत अडकून पडलेली मीही पाहिली आहे. परंतु एक बाजू मोकळी करून दुसऱ्या बाजूची रांग ठेवता आली असती. गाड्यांच्या आणि बाजाराच्या वेळा वेगळ्या करता आल्या असत्या. त्यासाठी कोणी तरी आठ दिवस त्या रस्त्यावर उभे राहून माणसे कुठून येतात आणि कुठे जातात ते पाहायला हवे होते. नकाशावर माणसे चालत नाहीत.

निवृत्तीनंतर मी पुण्यास मुलाकडे राहावयास आलो. इथे सकाळी महात्मा फुले मंडईत चक्कर मारण्याचा मला छंद जडला आहे. भाजी घेणे हे निमित्त. खरे म्हणजे जुना कारकून जुन्या ओळखीचे दप्तर पाहायला जातो. पूर्वी ही मंडई शनिवारवाड्यापुढच्या पटांगणात उघड्यावर भरत असे. नगरपालिकेने ही दगडी इमारत बांधली आणि १८८६ साली ती गव्हर्नरांच्या नावाने ‘रे मार्केट’ म्हणून उघडली. मधल्या मनोऱ्यापासून आठ दिशांना फुटलेल्या तिच्या भुजा आणि आतली ओट्यांची रचना पाहिली, की बांधणाऱ्याने विकणाऱ्याच्या उंचीचा आणि घेणाऱ्याच्या वाटेचा विचार केला होता हे कळते.

पण या मंडईची गंमत तिच्या नावात आहे. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते, आणि मंडईच्या या खर्चाला त्यांचा विरोध होता. एवढा पैसा इमारतीत घालण्यापेक्षा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे म्हणणे. बरे, जोतीराव काही व्यापार न कळणारे गृहस्थ नव्हते. फुलांचा व्यवसाय त्यांच्या घराण्यातच होता आणि बांधकामाची कंत्राटे ते स्वतः घेत. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत निवडून गेले, तेव्हा त्यांच्या पुढाकाराने त्याच इमारतीला जोतीरावांचे नाव मिळाले.

मुंबईतही तोच योग. तिथला पहिला म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड याच्या कारकीर्दीत १८६९ साली मोठे मार्केट उभे राहिले. त्याच्या दारावर लॉकवुड किपलिंगने शेतकऱ्यांची शिल्पे कोरली. शहर सुधारण्याच्या उत्साहात क्रॉफर्डने हात इतका सैल सोडला, की करदाते खवळले. १८७१ साली त्यांनी मोठी चळवळ केली, आणि १८७२ च्या कायद्याने मुंबईच्या कारभारात लोकांनी निवडलेले सभासद आले. म्हणजे मुंबईकरांना बाजारही मिळाला आणि बाजाराचा हिशेब विचारण्याचा हक्कही मिळाला. त्या मार्केटलाही आज नाव आहे ते महात्मा जोतिबा फुले यांचेच. ज्याने एका मंडईचा खर्च अडवू पाहिला, त्याचे नाव दोन मंडयांवर!

हा विरोधाभास मला खटकत नाही. मला तो योग्यच वाटतो. कोणत्याही बाजाराच्या दारावर ‘हा खर्च कोणासाठी?’ असे विचारणाऱ्याचे नाव असलेले बरे. आईच्या ओट्यावर पैसा खर्च झाला आणि त्यातून माझी शाळा झाली. तिथे मंडई आणि शिक्षण असे दोन वेगळे हिशेब उरलेच नव्हते. संकुलावरही पैसा खर्च झाला. पण तो कोणासाठी, हे विचारायला त्या सभागृहात कोणी जोतीराव नव्हते.

आपल्याकडे गावे भरभराटीस आली ती बहुधा अशा अडीच हातांच्या शहाणपणानेच. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली, व्यापाऱ्यांना जागा दिल्या, आणि गुळाच्या व्यापाराला घर मिळाले. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला, तेव्हा जहागीरदार नारायणराव घोरपडे यांचे पाठबळ त्यांच्यामागे होते. राजाने गूळ केला नाही आणि जहागीरदाराने कापड विणले नाही. करणारे लोक गावात होते. त्यांना जागा आणि धीर मिळाला.

आता राजे नाहीत आणि जहागीरदारही नाहीत. आता नगरपालिका आहेत, आणि त्यांच्यावर हे काम घटनेनेच सोपवता येते. ७४ व्या दुरुस्तीने जी बारावी अनुसूची आली, तिच्यात नगरपालिकांकडे द्यावयाचे १८ विषय आहेत. पाणी, रस्ते, दिवाबत्ती यांच्याबरोबर ‘आर्थिक व सामाजिक विकासाचे नियोजन’ हेही त्यांत लिहिलेले आहे. २०१४ साली पथविक्रेत्यांसाठी कायदा झाला. शहराने आपल्या विक्रेत्यांची पाहणी करावी, त्यांना प्रमाणपत्र द्यावे आणि तोवर कोणाला उठवू नये, असे तो सांगतो. पुढे २०२० साली, टाळेबंदीत साऱ्यांचे हातपाय आखडले असताना, केंद्राने त्यांच्यासाठी कर्जाची योजना काढली. पहिल्यांदा दहा हजार रुपये मिळत, आणि ते फेडले की पुढचे मोठे कर्ज. ते मिळण्यासाठी काय लागे? नगरपालिकेचा एक कागद : हा मनुष्य या शहरात विक्री करतो. बँकेतला साहेब तो कागद पाहून पैसे देई. मला आमच्या गावचा अडत्या आठवला. जवळजवळ साठ वर्षांनी देशाने पुन्हा तेच शोधून काढले होते : सतरा नंबर, लिही दोन पोती.

शेवटची काही वर्षे मी परवाना विभागात होतो. तिथे खानावळ काढू पाहणाऱ्या एका बाईला निरनिराळ्या दाखल्यांसाठी सात टेबले फिरताना मी पाहिले. चौथ्या टेबलापाशी तिने स्टुलावर बसून डबा उघडला. पुढे एक मुख्याधिकारी आले, त्यांनी ती सातही टेबले एका खोलीत आणली आणि अर्जाला किती दिवसांत उत्तर द्यायचे ते दारावर लिहून टाकले. बाकी काही केले नाही. त्या वर्षी आमची नोंदवही नेहमीपेक्षा लवकर भरली. धंदा करणाऱ्याला आपण पुष्कळदा भांडवल नाही म्हणून कळवळतो. त्याचे सर्वांत मोठे भांडवल म्हणजे दिवस, आणि तेच आपण टेबलाटेबलावर उधळतो. लहान कंत्राटदाराचे बिल वेळेवर निघाले, बाजाराच्या रस्त्यावर रात्री दिवा लागला, आणि दिवाळीच्या तोंडावर पेठेतला रस्ता खणायला घेतला नाही, तर शहराचा निम्मा आर्थिक विकास पदरात पडला असे खुशाल समजावे.

नातीला मी यातले थोडेसेच सांगितले. तिने आपल्या वहीत दहावा मुद्दा म्हणून ‘ओटे’ असे लिहिले. बाईंनी त्यावर प्रश्नचिन्ह काढले आहे.

लक्ष्मीपूजनाला आपण पाटावर नाणी मांडतो, वह्या मांडतो. पण त्यांच्या शेजारी हळदकुंकू लावलेली एक नवी केरसुणीही ठेवतो. लक्ष्मीला घर स्वच्छ लागते, हे तर खरेच. पण मला वाटते, ज्याने कोणी हा रिवाज घातला त्याला आणखी काही सांगायचे असावे. नाणी येतात आणि जातात. त्यांना यावेसे वाटेल असा उंबरा कोणी तरी रोज झाडावा लागतो. शहराचा उंबरा म्हणजे त्याचा बाजार. दिवाळीच्या पहाटे, पहिला फटाका उडायच्या आधी, लांब दांड्याचा झाडू घेऊन सफाई कामगार तो झाडत असतात. आदल्या रात्रीचे झेंडूचे देठ, उसाची चिपाडे, कागदाचे बोळे सारे एका कडेला जाते. मग पणत्यांची टोपली घेऊन एखादी बाई येते, झाडलेल्या जागेवर आपले फडके पसरते आणि पहिल्या गिऱ्हाइकाची वाट पाहू लागते.